नित्यनेमाचे आचार्य : श्री समर्थ रामदासस्वामी

॥ श्रीराम समर्थ ॥



देवदर्शनासाठी बोळिंज येथे येणाऱ्या यात्रेकरूंना स्थानाची माहिती मिळावी, त्याचबरोबर घरी परतल्यावर उपयोगी पडेल असे काही वाचावयास मिळावे, या हेतूने पुस्तिकेत एका सत्पुरुषाचे चरित्र देत आहोत.

बोळिंज, उमराळे, आगाशी, नाळे, सोपारे हा सारा परिसर पिढ्यान्‌पिढ्या वाड्यांचा म्हणून ओळखला गेला. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला यांवर येथील घरे चालली आणि या वाड्यांना पाणी दिले ते बावखलांनी. बावखलातील गाळ वेळच्या वेळी काढला, काठ नीट राखला, तर पाणी निर्मळ राहते. दुर्लक्ष झाले तर त्याच पाण्यावर शेवाळ धरते. हे येथील वृद्धांना सांगावे लागत नाही. आज वाड्यांच्या शेजारी उंच इमारती आणि मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. पहाटे विरारची लोकल गाठणारा आणि रात्री दमून परतणारा माणूस हा आता या भागाचा मोठा रहिवासी आहे. शरीर थकलेले, मन जड झालेले, देवपूजा रविवारवर ढकललेली आणि स्वतःकडे पाहावयास वेळ नाही, अशी त्याची तक्रार असते. ही तक्रार खोटी नाही. परंतु देह आणि मन ही सुद्धा बावखलासारखीच आहेत. त्यांची निगा रोज थोडी थोडी राखावी लागते.

ही निगा म्हणजे उपासनाच होय, असे ज्यांनी स्वतःच्या आचरणाने दाखविले, ते सतराव्या शतकातील सत्पुरुष म्हणजे श्री समर्थ रामदासस्वामी. त्यांच्या चरित्रातील बराचसा भाग शिष्यपरंपरेने जपलेला आहे. गिरिधरस्वामींचा समर्थप्रताप हा ग्रंथ आणि हनुमंतस्वामींची बखर ही त्याची मुख्य साधने होत. जेथे केवळ परंपरेचा आधार आहे, तेथे तसे नमूद केले आहे.

जन्म व बालपण

मराठवाड्यात आजच्या जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. समर्थांच्या नावावरून ते आता जांब समर्थ म्हणून ओळखले जाते. या गावी शके १५३० मध्ये, म्हणजे इ.स. १६०८ साली, चैत्र शुद्ध नवमीस, रामजन्माच्या दिवशी समर्थांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव नारायण सूर्याजी ठोसर. वडील सूर्याजीपंत हे गावचे कुलकर्णी असून सूर्याचे निष्ठावंत उपासक होते. मातोश्रींचे नाव राणूबाई. वडील बंधू गंगाधर हे पुढे श्रेष्ठ या नावाने प्रसिद्ध झाले.

नारायण लहानपणी अत्यंत चपळ आणि खोडकर होता. झाडांवर चढणे, नदीत पोहणे, सवंगड्यांना घेऊन रानात भटकणे यांत त्याचा दिवस जाई. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास पितृछत्र हरपले आणि हा खेळकर मुलगा अंतर्मुख झाला. एके दिवशी तो घरातील अंधाऱ्या खोलीत एकटाच बसलेला आईला सापडला. काय करतोस असे विचारता आपण विश्वाची चिंता करीत आहोत, असे त्याने सांगितल्याची कथा सर्वश्रुत आहे. भाविक ती कौतुकाने सांगतात. परंतु वडील गमावलेल्या आठ वर्षांच्या मुलाने अंधारात बसावे, यात त्याचे दुःखही आहे, हे विसरता कामा नये.

मुलाचे मन संसारात रमावे म्हणून आईने बाराव्या वर्षी त्याचा विवाह योजिला. मंगलाष्टके चालू असता सावधान हा शब्द कानी पडताच नारायण बोहल्यावरून उठला आणि निघून गेला. महाराष्ट्रात ही कथा ठाऊक नाही असे घर नसेल. सावध होणे हा त्या क्षणी त्याच्या जीवनाचा मंत्र ठरला. त्याच क्षणी एका आईच्या वाट्याला मात्र अनेक वर्षांचा विरह आला. हे ऋण समर्थ विसरले नाहीत, हे पुढे दिसून येईलच.

टाकळीची बारा वर्षे

नारायण पायी चालत नाशिकला आला. पंचवटीत रामाचे दर्शन घेऊन त्याने जवळच्या टाकळी या गावी, गोदावरी आणि नंदिनी यांच्या संगमापाशी, मुक्काम केला. इ.स. १६२० ते १६३२ अशी बारा वर्षे तो येथे राहिला. या काळास तपश्चर्या म्हणतात. ही तपश्चर्या म्हणजे काय होते, हे आजच्या वाचकाने मुद्दाम पाहावे, कारण चमत्कारापेक्षा तिच्यात दिनक्रमच अधिक आहे.

पहाटे उठावे, स्नान करावे, सूर्यनमस्कार घालावेत. मग संगमाच्या पाण्यात उभे राहून दुपारपर्यंत गायत्रीचा आणि श्रीरामाच्या तेरा अक्षरी मंत्राचा जप करावा. दुपारी पंचवटीत माधुकरी मागून आणावी, तीतील भाग देवाला व प्राणिमात्रांना देऊन उरलेले अन्न घ्यावे. त्यानंतर पुराणश्रवण, ग्रंथांचे वाचन आणि लेखन करावे. रात्री पुन्हा नामस्मरण व निद्रा. परंपरा सांगते की ते रोज बाराशे सूर्यनमस्कार घालीत आणि बारा वर्षांत तेरा कोटी जप पूर्ण झाला. संख्या कोणतीही असो, बारा वर्षे त्यात खंड पडला नाही, हे महत्त्वाचे.

या दिनक्रमात शरीर, वाणी, बुद्धी आणि मन या चौघांनाही नेमाने काम होते. नमस्कारांनी देह घडला. जपाने वाणी व मन स्थिर झाले. ग्रंथांनी बुद्धी तयार झाली. माधुकरीने अहंकार झिजला, कारण दुसऱ्याच्या दारी उभे राहून मिळेल ते स्वीकारताना मीपणा टिकत नाही. एकाच अंगाकडे लक्ष देऊन दुसरे अंग उपाशी ठेवले, असे तेथे झाले नाही. वाल्मीकी रामायणाची समर्थांच्या हस्ताक्षरातील म्हणून मानली जाणारी प्रत धुळे येथील श्री समर्थ वाग्देवता मंदिरात जतन करून ठेवलेली आहे. त्या काळच्या चिकाटीची ती साक्ष होय.

टाकळी येथेच समर्थांनी गोमयाचा मारुती स्थापन केला. त्यांचे पहिले शिष्य उद्धव यांना त्या मारुतीच्या सेवेस ठेवून, वयाच्या चोविसाव्या वर्षी ते तीर्थाटनास निघाले. ज्या नदीकाठी बारा वर्षे काढली, तो काठ सोडणे सोपे नव्हते. परंतु स्वतःची घडण हे साधन होय, तेथेच थांबावयाचे नाही, याची जाणीव त्यांना होती.

देशाटन आणि दुष्काळ

इ.स. १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरात येथे भयंकर दुष्काळ पडला. अन्नाअभावी असंख्य माणसे व गुरेढोरे मृत्युमुखी पडली आणि गावेच्या गावे ओस झाली. त्यात निरनिराळ्या राजसत्तांची सैन्ये या भूमीवरून सतत फिरत होती. आपला वसई प्रांत त्या वेळी पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता, इ.स. १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकेपर्यंत तो तसाच राहिला. समर्थांचे संपूर्ण आयुष्य या मधल्या काळात येते.

अशा दिवसांत समर्थ पायी हिंदुस्थानभर फिरले. बारा वर्षांच्या या प्रवासात त्यांनी तीर्थे पाहिली, तशीच माणसेही पाहिली. दुष्काळ व परचक्र यांनी झालेली लोकांची दैना त्यांनी अस्मानी सुलतानी व परचक्रनिरूपण या रचनांत वर्णिली आहे. लोक उपाशी होते, त्याहून अधिक ते हताश झाले होते. आपल्या हातून काही होणार नाही, दैवात असेल तसे घडेल, ही भावना घरोघरी बसली होती. समर्थांच्या पुढील सर्व कार्याचे मूळ या दर्शनात आहे. खचलेल्या माणसाला प्रथम स्वतःच्या पायावर उभे केले पाहिजे. त्यासाठी त्याचे शरीर बळकट, मन निर्भय आणि दिवस सुव्यवस्थित झाला पाहिजे, असा निश्चय त्यांनी केला.

मातृभेट

इ.स. १६४४ च्या सुमारास समर्थ महाराष्ट्रात परतले. पैठण येथे असताना जांबेच्या कोणाकडून त्यांना घरची वार्ता कळली. पुत्राच्या वियोगाने मातोश्री रडून रडून दृष्टिहीन झाल्या होत्या. वार्ता कळताच ते जांबेस गेले आणि आपल्याच घराच्या दारी भिक्षेकऱ्याप्रमाणे उभे राहिले. आवाजावरून आईने मुलास ओळखले. पुत्राच्या स्पर्शाने मातोश्रींना पुन्हा दृष्टी आली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. चरित्रकार सांगतात की समर्थ काही काळ घरी राहिले, त्यांनी आईला कपिलगीतेचा बोध केला आणि तिची अनुज्ञा घेऊनच पुढील कार्यास निघाले. मातोश्रींच्या अंतकाळीही ते जांबेस उपस्थित होते, असे परंपरा सांगते.

पहिल्या वेळी न सांगता गेलेला मुलगा दुसऱ्या वेळी अनुज्ञा घेऊन गेला. समर्थांच्या जीवनातील हा बदल लहान नाही. ज्यांनी स्वतः संसार केला नाही, त्यांनीच पुढे आयुष्यभर लोकांना संसार नीटनेटका करावयास शिकविले, घरच्यांना दुःखी ठेवून परमार्थ साधत नाही असे बजाविले. त्या उपदेशामागे जांबेच्या दारातील ही भेट असेल, असे वाटल्याविना राहत नाही.

कृष्णाकाठचे कार्य

यानंतर समर्थ कृष्णा खोऱ्यात आले. इ.स. १६४८ मध्ये सातारा जिल्ह्यातील चाफळ येथे त्यांनी श्रीराममंदिर उभारले. तेथील राममूर्ती त्यांना अंगापूरच्या डोहात मिळाली, अशी कथा आहे. इ.स. १६४५ ते १६५५ या दहा वर्षांत त्यांनी अकरा मारुतींची स्थापना केली. शहापूर, मसूर, उंब्रज, शिंगणवाडी, माजगाव येथील प्रत्येकी एक आणि चाफळ येथील दोन असे सात मारुती सातारा जिल्ह्यात. बहे-बोरगाव आणि बत्तीस शिराळा येथील दोन सांगली जिल्ह्यात. मनपाडळे आणि पारगाव येथील दोन कोल्हापूर जिल्ह्यात आहेत. आजही अनेक भाविक या अकरा मारुतींची यात्रा करतात.

मारुती हे दैवत निवडण्यात समर्थांची दृष्टी दिसते. मारुती बलवान आहे, बुद्धिमान आहे, ब्रह्मचारी आहे आणि इतके असूनही तो दास आहे. त्याचे बळ स्वतःच्या मिरवणुकीसाठी नाही, ते रामकार्यासाठी आहे. तरुणांनी देवळासमोर जोर-बैठका काढाव्यात, नमस्कार घालावेत, शरीर कमवावे आणि ते लोकांच्या उपयोगी आणावे, हा त्यामागील हेतू. देहाची जोपासना ही चैन किंवा अहंकाराची गोष्ट न होता भक्तीचे अंग झाली, ती अशी.

छत्रपती शिवाजी महाराजांचे राज्य याच काळात आकारास येत होते. चाफळच्या देवस्थानास महाराजांचे साहाय्य लाभले. महाराज आणि समर्थ यांच्या पहिल्या भेटीच्या सालाविषयी इतिहास-अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही.

शिवथरघळ आणि दासबोध

रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात, डोंगराच्या कुशीत, धबधब्याच्या पाठीमागे एक प्रशस्त घळ आहे. तीच शिवथरघळ. परंपरेनुसार समर्थांनी येथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला. धुळे येथील समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी इ.स. १९३० मध्ये या घळीचा शोध लावून तिची ओळख पुन्हा महाराष्ट्रास करून दिली.

दासबोधात २० दशक, २०० समास आणि साडेसात हजारांहून अधिक ओव्या आहेत. हा ग्रंथ अध्यात्माचा आहे हे खरे, तथापि तो उघडून पाहणाऱ्यास आश्चर्य वाटते ते त्यातील व्यवहाराच्या बारकाव्यांचे. पहिल्या दशकाच्या अखेरीस समर्थांनी नरदेहाचे स्तवन केले आहे. देहास केवळ तुच्छ लेखून चालणार नाही. जे काही साधावयाचे ते या देहानेच साधावयाचे आहे, असे त्याचे सार. तिसऱ्या दशकात देहास होणाऱ्या नाना व्याधींची मोठी यादीच आहे. देहाचे मोल आणि देहाचे दुबळेपण, दोन्ही त्यांनी डोळसपणे पाहिले होते.

अकराव्या दशकातील शिकवणीच्या समासात एका सामान्य गृहस्थाचा दिवस कसा असावा, हे आले आहे. पहाटे उठून काही पाठांतर व देवाचे स्मरण करावे. शौच, मुखमार्जन, स्नान ही शुद्धी नीट करावी. संध्या, पूजा आटोपून आपल्या व्यवसायास लागावे. व्यवसायात सावध असावे, माणसांशी गोड बोलून त्यांना संतुष्ट ठेवावे. भोजनानंतर काही वाचावे, चर्चा करावी, एकांतात बसून ग्रंथाचा विचार करावा. चित्त ठिकाणावर नसेल तर काय होते, हेही ते सांगतात. असा माणूस चुकतो, विसरतो, वस्तू हरवतो आणि मागाहून तळमळतो. आपल्यापैकी कित्येकांना यात आपलाच कालचा दिवस दिसेल.

चौदाव्या दशकात चातुर्याची लक्षणे सांगताना समर्थांनी फार मोठा दिलासा दिला आहे. रूप हे जन्मतः मिळते, ते अभ्यासाने बदलत नाही. परंतु गुण हे अभ्यासाने मिळवता येतात. म्हणून जे बदलत नाही त्याचा खेद करीत बसू नये, जे मिळवता येते त्यासाठी झटावे. बाराव्या दशकात यत्नाची शिकवण आहे. दैन्य आणि अपयश आले तर आपला दिवस कसा जातो, वेळ कोठे वाया जातो, हे आपणच तपासावे, असा त्याचा रोख आहे.

एकोणिसाव्या दशकाचा आरंभ तर चक्क हस्ताक्षराने होतो. अक्षर वाटोळे, सरळ व मोकळे असावे. कागदाच्या चारही बाजूंस कोरी जागा सोडावी, म्हणजे पुढे कडा झिजल्या तरी मजकूर शाबूत राहील. तरुणपणी फार बारीक अक्षर लिहू नये, कारण म्हातारपणी तेच आपल्याला वाचता येणार नाही. मोक्षाचा मार्ग सांगणारा ग्रंथ अक्षराच्या आकारापर्यंत खाली उतरतो, कारण समर्थांच्या दृष्टीने लहान काम आणि मोठे काम असा भेद नाही. एक काम नीट करण्याची सवय लागली की ती सर्व कामांत उतरते.

मनाची निगा

देहाप्रमाणेच मनाचीही रोज मशागत करावी लागते. त्यासाठी समर्थांनी मनाचे श्लोक रचले. त्यांची संख्या २०५ आहे. या श्लोकांची विशेषता ही की त्यांत समर्थ मनाला दरडावीत नाहीत. ते त्याला सज्जन समजून, एखाद्या जवळच्या सोबत्याप्रमाणे समजूत घालीत बोलतात. क्रोध, मत्सर, लोभ यांपासून मनाला आवरतात आणि भयाच्या वेळी धीर देतात. जुन्या काळी रामदासी भिक्षेस निघाले की हे श्लोक म्हणत. त्यामुळे ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्याही ते तोंडी बसले.

समर्थांच्या मनास स्वतःस कधी खिन्नता शिवली नाही, असे मात्र कोणी समजू नये. करुणाष्टके वाचणाऱ्यास दिसते की या बलदंड पुरुषानेही एकटेपणा, पश्चात्ताप, मनाची चंचलता आणि व्याकुळता अनुभवली होती. त्यांनी ती लपविली नाही. रामापुढे मोकळेपणाने सांगितली. आपले मन खचले आहे हे मान्य करणे म्हणजे दुबळेपणा, अशी समजूत आजही अनेक घरांत आहे. करुणाष्टके हा तीवर चांगला उतारा होय. आपले दुःख देवापुढे बोलावे, घरच्या माणसांपाशी बोलावे आणि गरज पडल्यास वैद्यकीय मदतही निःसंकोच घ्यावी.

शिष्यांची घडण

समर्थांनी माणसे घडविली, ती प्रत्येकाचा स्वभाव आणि शक्ती ओळखून. कल्याणस्वामी शरीराने बलवान होते. सज्जनगडावर उरमोडी नदीचे पाणी मोठमोठ्या हंड्यांतून ते वाहून आणीत, असे सांगतात. तेच कल्याणस्वामी सुंदर हस्ताक्षराचे लेखकही होते. पुढे डोमगाव येथील मठ त्यांनी सांभाळला.

मिरजेच्या मठाच्या वेणाबाई यांची हकीकत आजच्या भगिनींनी विशेष लक्षात घ्यावी. लहानपणीच त्यांना वैधव्य आले. त्या काळी अशा स्त्रीच्या जीवनात घराचा कोपरा आणि लोकांची उपेक्षा यांपलीकडे फारसे काही नसे. वेणाबाईंना ग्रंथवाचनाची आवड होती. समर्थांनी त्यांना अनुग्रह दिला. लोकापवाद झाला, तरी त्यांनी तो मनावर घेतला नाही. वेणाबाईंना त्यांनी कीर्तन करण्याची आज्ञा दिली आणि मठाचा अधिकार सोपविला. वेणाबाईंनी सीतास्वयंवर हे काव्य लिहिले. त्यांची समाधी सज्जनगडावर आहे. अक्काबाई यांनीही समर्थांच्या पश्चात मठाची व्यवस्था निष्ठेने पाहिली. स्वतःस घडविण्याचा अधिकार सर्वांना आहे, ही समर्थांची शिकवण या दोघींच्या जीवनात प्रत्यक्ष दिसते.

सज्जनगडावरील अखेर

परळीचा किल्ला इ.स. १६७३ मध्ये स्वराज्यात आला. इ.स. १६७६ पासून समर्थांचे वास्तव्य या किल्ल्यावर झाले आणि तो सज्जनगड या नावाने प्रसिद्ध झाला. आयुष्यभर घळींत आणि वनांत राहिलेल्या समर्थांचे शरीर आता थकले होते. इ.स. १६८० मध्ये शिवाजी महाराजांचे निधन झाले. त्यानंतर समर्थांनी छत्रपती संभाजी महाराजांना पत्र लिहून सावधपणे, सर्वांना सांभाळून राज्य करण्याचा उपदेश केला.

अखेरच्या काळात त्यांनी अन्न कमी केले आणि एकांतात राहू लागले. तंजावरहून राम, लक्ष्मण व सीता यांच्या मूर्ती आल्या, त्यांचे दर्शन त्यांनी घेतले. व्याकूळ झालेल्या शिष्यांना, माझा देह गेला तरी दासबोधाच्या रूपाने मी तुमच्यापाशीच आहे, असा धीर त्यांनी दिल्याचे सांप्रदायिक सांगतात. शके १६०३, माघ वद्य नवमीस, म्हणजे इ.स. १६८२ च्या आरंभी, समर्थांनी देह ठेवला. ही तिथी दासनवमी म्हणून पाळली जाते. गडावर समाधीवर राममंदिर असून शेजघरात समर्थांच्या नित्य वापरातील वस्तू जपून ठेवल्या आहेत. ज्यांनी साऱ्या महाराष्ट्रास शिकविले, त्यांची मालमत्ता एका लहान खोलीत मावते.

आपल्यासाठी बोध

समर्थांचे विचार ग्रंथांतच राहिले नाहीत. इ.स. १८९३ मध्ये धुळे येथे देव यांनी स्थापन केलेल्या सत्कार्योत्तेजक सभेने रामदासी हस्तलिखितांचा मोठा संग्रह वाचविला. इ.स. १९४३ मध्ये मुंबईतील गोरेगाव येथे नारायण विष्णू तथा नानासाहेब धर्माधिकारी यांनी दासबोधाच्या निरूपणाची बैठक सुरू केली. या श्रीबैठकींची परंपरा पुढे कोकणपट्टीत खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली. कामावरून परतलेली माणसे आठवड्यातून एकदा एकत्र बसून दासबोध ऐकतात आणि त्या प्रकाशात आपले वागणे तपासतात.

येथून घरी जाताना भाविकांनी मोठा संकल्प करू नये, अशी नम्र विनंती आहे. बाराशे नमस्कार हे समर्थांचे तप होते. आपल्यासाठी वय व प्रकृती पाहून बारा नमस्कारही पुष्कळ आहेत. हृदयाचा अथवा सांध्यांचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच ते करावेत. पहाटेची लोकल गाठण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. गाडीत उभ्या उभ्या मनातल्या मनात एक श्लोक म्हणावा. रात्री निजण्यापूर्वी आज आपण कोठे चुकलो, कोणास दुखावले, कोणाच्या उपयोगी पडलो, एवढे आठवावे. घरातील वृद्ध आई-वडिलांपाशी रोज थोडा वेळ बसावे. जांबेच्या दारी परतलेल्या समर्थांचे स्मरण ठेवून बसावे.

एक दिवस नेम चुकला तर खंत करीत न बसता दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा. गाळ साचला म्हणून बावखल कोणी बुजवून टाकत नाही. तो उपसतात आणि खाली पाणी असतेच. देहाची व मनाची निगा राखणे हे देवाने सोपविलेले काम आहे. बळकट शरीर, स्थिर मन आणि नीटनेटका दिवस यांचा लाभ आपल्याबरोबर आपल्या घराला, शेजाऱ्यांना आणि गावाला होतो. समर्थांनी तो साऱ्या महाराष्ट्राला करून दिला. आपण आपल्या घरापासून आरंभ करावा, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥